कोटाच्या पाठीवरची चिठ्ठी

इंग्रजीच्या लेखी परीक्षेत तिला ऐंशीपैकी एकसष्ट गुण मिळाले आणि संस्कृतीत वीसपैकी चार. निकालाचा कागद घेऊन ती घरी आली तेव्हा लेकीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "संस्कृतीत नापास म्हणजे काय गं आई? कुणाच्या अंगावर थुंकलीस की काय?"

"जेवलात का म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि पाय धुवायला मोरीत गेली.

लेक खो खो हसली. मग मोरीच्या दारातून आईचा चेहरा दिसला तशी टॉवेल घेऊन गेली.

हसण्यासारखं होतंच म्हणा. पण ज्याच्यावर हसायचं त्याला आधी हसू यावं लागतं, आणि तोंडी परीक्षेला पंधरा दिवस झाले तरी तिला ते आलं नव्हतं.

बावीस वर्षं ती एका मोठ्या हॉटेलातल्या इस्त्रीच्या खोलीत उभी होती. अक्षरशः उभी. वाफेच्या मशीनपुढे खुर्ची ठेवायची पद्धतच नव्हती. पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या दोरखंडासारख्या वर आल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत चपलेत पाय मावत नसत. तिसऱ्या मजल्याच्या सुपरवायझर बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांना टेबल होतं आणि टेबलाला खुर्ची होती. मॅनेजरने स्वतः बोलावून सांगितलं होतं, "मावशी, तुमच्याइतकं काम कुणाला येत नाही. पण वरच्या मजल्यावर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलावं लागतं. तीस तारखेच्या आत सर्टिफिकेट माझ्यापुढे ठेवा, खुर्ची तुमची. नाहीतर रिसेप्शनवरची मुलगी टपूनच बसलीय."

म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी ती चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर भरणाऱ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात जाऊन बसली. वर्गात पंधरासोळा जण. एक नर्स होती, दोन सेल्समन होते, आणि तिच्याच हॉटेलच्या गाडीवरचा ड्रायव्हर होता. शिकवणारे सर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण चेहऱ्यावर असा भाव की इंग्रजी यांच्याच घरी जन्मली आणि यांनीच तिला चालायला शिकवलं. वाक्य कुठलंही असो, शेवटी थँक्यू. दार लावा, थँक्यू. तुमचं उत्तर चूक आहे, थँक्यू. मागे सगळे त्यांना थँक्यू सरच म्हणत.

दर गुरुवारी संस्कृतीचा तास. भाषा नुसती पाठ करून येत नाही, ज्यांची भाषा त्यांचं वागणंही शिकावं लागतं, असं सर सांगत, आणि ते तिलाही पटलं होतं. पण ते वागणं सर शिकवत ते पुठ्ठे निखळलेल्या एका जाड पुस्तकातून. पुस्तकातली माणसं घरातसुद्धा हॅट घालून बसलेली. सर स्वतः कधी समुद्र ओलांडून गेले नव्हते. त्यात काही गुन्हा नाही, तीही गेली नव्हती. पण तिने बावीस वर्षं त्या माणसांच्या चादरी बदललेल्या पाहिल्या होत्या, त्यांच्या सदऱ्यांवरचे रडण्याचे, सांडण्याचे आणि घाईचे डाग काढले होते. ती माणसं पुस्तकातल्यासारखी नव्हती, एवढं तिला ठाऊक होतं.

आणि अशाच एका गुरुवारी, तोंडी परीक्षेच्या वेळी, सरांनी विचारलं, "समजा, परदेशी पाहुणा तुमच्या दारात आलाय. लांबून आलाय, दमलाय. तुमचं पहिलं वाक्य?"

तिने हात वर केला. वाक्य तिने जिन्यात जुळवून ठेवलं होतं. "हॅव यू ईटन?"

सरांनी डोळे मिटले. दुखऱ्या दातावर थंड पाणी लागावं तसे. "मावशी, तो पाहुणा आहे. भिकारी नाही."

वर्ग हसला.

"तिकडे असं विचारणं म्हणजे समोरच्याच्या खासगी गोष्टीत नाक खुपसणं. शुद्ध गावंढळपणा. या, पुढे या."

त्यांनी ड्रायव्हरला पाहुणा केलं आणि दाराबाहेर उभं केलं. तो दार वाजवणार, तिने उघडायचं आणि म्हणायचं, हाऊ डू यू डू. सूर चुकला की पुन्हा. पुन्हा. सातव्या वेळी ड्रायव्हरने आत येता येता पोटावरून हात फिरवून ढेकर दिली आणि वर्ग बाकांवर लोळला. सरही हसले. एकूण एकोणीस वेळा तिने दार उघडलं. मोजायला दुसरं कुणी नव्हतं, तिनेच मोजलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या फाटकात ड्रायव्हर ओरडला, "या, हॅव-यू-ईटन मावशी!" आठवड्याभरात ते नाव मुदपाकखान्यात पोचलं, मग धुलाईच्या खोलीत, मग मॅनेजरच्या तोंडून एकदा निसटलं आणि त्याने जीभ चावली.

त्या नावात दुखण्यासारखं काय होतं, हे तिला कुणाला समजावता आलं नसतं. तिचा नवरा गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सगळे काही ना काही बोलत होते. त्यातलं एक अक्षर तिला आठवत नाही. आठवते ती धुलाईवरची तिची मैत्रीण. ती दारातून आली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "जेवलीस का?" बस. तेवढ्या दोन शब्दांना धरून ती त्या दिवसातून चालत बाहेर आली होती. आणि त्याच दोन शब्दांवर पंधरा माणसं ढेकरा देत होती.

मनात तिने गाठ मारून ठेवली. वचपा काढायचा. कसा, ते ठाऊक नव्हतं. पण इस्त्रीवालीला एक गोष्ट कळते. घडी जागेवर येईपर्यंत थांबायचं, मग वजन टाकायचं.

*

संधी सरच घेऊन आले.

मुख्य कार्यालयातून परीक्षक बाई येणार होत्या. गुरुवारी संस्कृतीचा तास पाहणार, आणि त्यावर ठरणार की या शाखेचे प्रमुख म्हणून सरांना नेमायचं की नाही. संस्कृतीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षाही त्याच दिवशी. महिन्याचा तो शेवटचा गुरुवार, अठ्ठावीस तारीख.

आधीच्या गुरुवारी सरांनी फळ्यावर नियम लिहिले आणि सगळ्यांकडून घोकून घेतले. वय विचारू नये. लग्न झालं का विचारू नये. सातवा नियम त्यांनी दोनदा अधोरेखित केला: समोरच्याच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल काही म्हणजे काही बोलू नये. विचारलंच तर एकच उत्तर, यू लुक व्हेरी स्मार्ट.

"बाईंसमोर एकानेही नियम मोडला," सर म्हणाले, "तर त्याचे संस्कृतीचे गुण गेले म्हणून समजा. थँक्यू."

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. पिशवीतून एक काळा कोट काढला. "मावशी, तुमच्या मशीनवर कपडे अगदी कडक होतात म्हणे. हा जरा करून आणा. गुरुवारी घालायचाय. खिशाशी शाईचा डाग आहे, निघतो का बघा. थँक्यू."

थँक्यू आधी आलं, ती हो म्हणायच्याही आधी.

"सर, माझी फेरपरीक्षा..."

"तेच वाक्य नीट पाठ करून या. आणि कृपा करून बाईंसमोर जेवणाखाणाचं काढू नका."

"बरं," ती म्हणाली.

*

"कुणाचा गं?" धुलाईवरच्या मैत्रिणीने विचारलं.

"थँक्यू सरांचा."

"तुला एकोणीस वेळा नाचवलं त्याचा? आण इकडे. उकळत्या पाण्यात टाकते. बाहेर येईल तेव्हा बाहुलीच्या अंगाचा होईल."

"कोटाने काय वाकडं केलंय?"

"कोटाने नाही केलं. पण कोटात जो असतो..."

"तो आत नाहीये आत्ता," ती म्हणाली आणि कोट टेबलावर पालथा घातला.

शाईचा डाग जुना होता. कुणीतरी आधी तो पाण्याने चोळून आणखी पसरवला होता. तिने खाली पांढरं फडकं घातलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि कडेकडून आत येत टिपत राहिली. चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. फडकं सरकवायचं, पुन्हा टिपायचं. पाऊण तासाने डाग असा गेला की तो कुठे होता हे तिलाही दाखवता आलं नसतं.

मग तिने कोट उलटा केला. उजव्या बगलेत अस्तर उसवलेलं होतं आणि कुणीतरी ते शिवलं होतं. काळ्या अस्तराला पांढरा दोरा. टाके असे की चांभारानेसुद्धा हात जोडावेत. एक लांब, एक आखूड, मध्ये गाठ, गाठीवर गाठ. ते टाके बाईमाणसाचे नव्हते. खाटेच्या कडेला बसून, जीभ दातांत धरून, एकट्या माणसाने घातलेले होते. सुई बोटात घुसली असणार. एका ठिकाणी दोरा तपकिरी झाला होता.

ते पाहून तिच्या आत काहीतरी सैल पडायला लागलं, आणि त्याचाच तिला राग आला. "मेल्याला काळा दोरासुद्धा मिळाला नाही," ती पुटपुटली. सगळे टाके उसवले, काळा दोरा ओवला आणि बारीक हाताने अस्तर पुन्हा शिवलं. मग वाफ सोडली, खांदे बसवले, बाह्यांवर धार आणली. कोट उभा राहिला तर आत माणूस नसतानाही साहेब वाटत होता.

मग तिने ॲप्रनच्या खिशातून पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं.

हॉटेलची पद्धत होती. एखाद्या कपड्यावरचा डाग काही केल्या निघाला नाही, तर कपड्यालाच छापील पिवळी चिठ्ठी टाचून पाठवायची. तळहाताएवढी, ठळक इंग्रजी अक्षरांत: आम्ही शक्य ते सगळं केलं, हा डाग निघू शकला नाही, याबद्दल दिलगीर आहोत. बावीस वर्षं ती ही चिठ्ठी वाचता न येताच लावत आली होती. वर्गात जायला लागल्यावर तिने आपली आपण वाचलेला पहिला इंग्रजी मजकूर तो. वाचून तिला वाटलं होतं, काय अदबीची माणसं.

तिने एक चिठ्ठी फाडली आणि कोटाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, बारीक पिनेने टाचली.

मैत्रीण बघत होती. "अगं, डाग तर निघाला."

"निघाला."

"मग ही कशाला?"

तिने पिन अंगठ्याने नीट दाबून बसवली.

"आपल्याच हातच्या कामाला खोटं पाडतेस? आणि कुणाला कळलं तर? सर्टिफिकेट त्याच्याच हातात आहे ना? खुर्ची जाईल बाई."

"जाईल तर जाईल," ती म्हणाली. पण पोटऱ्या ठणकत होत्या आणि त्यांना हे उत्तर पसंत नव्हतं. शिवाय मैत्रिणीचं पहिलं बोलणं तिला जास्त लागलं होतं. बावीस वर्षांत तिने एकही खोटी चिठ्ठी लावली नव्हती.

*

गुरुवारी सर शिक्षकांच्या खोलीत अधीर होऊन उभे होते. तिने प्लॅस्टिक काढलं आणि हॉटेलातल्या पाहुण्यांना घालतात तसा कोट त्यांच्यामागे धरला. सरांनी एक हात घातला, दुसरा घातला. खोलीतला आरसा तळहाताएवढा. त्यात त्यांना हनुवटी आणि टाय दिसला. खिशाकडे बघून ते खूश झाले. "अरे वा, डाग गेला की! थँक्यू."

मग दारातून ते एकदम वळले. चेहऱ्यावरचा नेहमीचा तोरा उतरला होता. पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरासारखे दिसत होते. "मावशी, खरं सांगा. ठीक दिसतोय ना मी?"

सांगायला दोन शब्द पुरले असते. जरा थांबा. हात पुढे करून चिठ्ठी काढली असती, म्हणाली असती, राहिली वाटतं चुकून. आणि सरांनी तिला वीसपैकी वीस दिले असते.

"यू लुक व्हेरी स्मार्ट, सर," ती म्हणाली.

परीक्षक बाई शेवटच्या बाकावर बसल्या. पांढरे केस आखूड कापलेले, पुढ्यात वही, पायात साध्या चपला. सरांनी अभिवादन केलं आणि तारीख लिहायला फळ्याकडे वळले.

पाठीवरची पिवळी चिठ्ठी अख्ख्या वर्गाला दिसली.

नर्स तिच्या कानाशी आली. "अहो मावशी, सरांच्या पाठीला..."

"नियम सात," ती ओठ न हलवता म्हणाली.

"अहो पण सांगायला हवं!"

"सांग. मागे बाई बसल्यात. तुझे गुण तुझ्याबरोबर."

नर्स मागे सरली. दोघं सेल्समन वहीत तोंड घालून थरथरत होते. ड्रायव्हर तर लाल झाला होता. त्याने दोन्ही गाल आतून चावून धरले होते. पंधरा जणांना दिसत होतं, आणि पंधरा जण संस्कृती पाळत होते. सर फळ्याकडे वळले की पाठीवर दिलगिरी, वर्गाकडे वळले की तोंडावर हसू. दिलगिरी, हसू. परीक्षक बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दहा मिनिटं गेली. आणि मग सरांनी लिहिण्यासाठी हात वर केला तेव्हा बगलेखाली तिला अस्तर दिसलं. तिचेच बारीक टाके. तिला तो तपकिरी झालेला दोरा आठवला. छे, पुरे झालं, तिला वाटलं. काय मोठं केलंन त्याने? जन्मभर हसतच आलेत लोक कुणाला ना कुणाला. उठावं, पाण्याचा पेला देण्याचं निमित्त करून मागून चिठ्ठी काढून घ्यावी. तिने बाकाच्या कडेवर हात टेकला. अर्धी उठलीही.

"आता, मॅडम," सर परीक्षक बाईंना म्हणत होते, "आपल्या लोकांच्या अंगात मुरलेल्या सवयी काढणं किती कठीण आहे, याचं एक मजेदार उदाहरण देतो. आमच्या या मावशी. आल्या पाहुण्याला काय विचारतात माहीत आहे?" आणि त्यांनी तिचा आवाज काढला, मान वाकडी केली, हात पुढे पसरला. "हॅव यू ईटन?"

वर्ग फुटला. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं हसू पंधरा जणांनी तिच्या नावावर मोकळं केलं. सरांना वाटलं, विनोद जमला.

ती खाली बसली. नीट, पाठ टेकून.

हसू ओसरल्यावर परीक्षक बाईंनी हात वर केला, विद्यार्थ्यासारखा. "सर, एक शंका. एखाद्याच्या कपड्याला काही लागलंय आणि त्याला ते ठाऊक नाही, तर सांगावं की नाही?"

"कदापि नाही, मॅडम!" सर छाती काढून म्हणाले. "सुसंस्कृत माणूस न पाहिल्यासारखं करतो. हा आमचा सातवा नियम आहे. वर्ग, बरोबर?"

"येस, सर!" सगळे एका सुरात म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

तास संपला. बाई चालत पुढे आल्या. "सर, जरा पाठ करता का माझ्याकडे?"

सर हसत वळले. बाईंनी पिन काढली, चिठ्ठी चष्म्याजवळ धरली आणि ठणठणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचली. मग ती सरांच्या हातात ठेवली.

सरांनी वाचली. आधी वर्गाकडे बघितलं, मग हात मागे नेऊन पाठ चाचपली, जणू तिथे आणखी काही असेल. पंधरा माणसं आपापल्या नखांकडे बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटत होतं.

"कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

"तुम्हीच तर शिकवलंत," बाई म्हणाल्या. "आणि वर्ग छान शिकलाय. मीही नाही सांगितलं. मीही तुमच्याच वर्गात बसले होते ना."

तिने हे सगळं डोळे भरून पाहिलं. लपवायचं कशाला, तिला गार वाटलं. एकोणीस वेळा दार उघडून जो घाम फुटला होता, त्यावर कुणी पंखा धरावा तसं.

*

फेरपरीक्षा बाईंनी स्वतः घेतली, शिक्षकांच्या खोलीत. टेबलावर कोट पसरलेला होता. बाईंनी इंग्रजी बाजूला ठेवलं.

"चिठ्ठीवर तुमच्या हॉटेलचं नाव आहे. डाग निघाला नाही म्हणून लिहिलंय. मी सगळा कोट बघितला. डाग कुठाय?"

तिला दोन उत्तरं सुचली. एक होतं, चुकून दुसऱ्याची चिठ्ठी लागली. त्यात खुर्ची शाबूत होती. पण मग पाऊण तास टिपलेला डाग, त्याचं काय? तो कुणी काढला म्हणायचं?

"डाग नाहीच," ती म्हणाली. "मी काढला. इतका स्वच्छ दुसरं कुणी काढून दाखवावा. चिठ्ठी खोटी आहे. मुद्दाम लावली."

"का?"

"हसले म्हणून."

"अजून राग आहे?"

"आहे."

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "उद्या तुम्ही मजल्यावर गेलात आणि एखादा पाहुणा तिरसट बोलला, तर त्याच्याही पाठीला लावाल?"

"त्याने मला एकोणीस वेळा दारात उभं केलं, तर सांगता येत नाही."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्या पुन्हा इंग्रजीत शिरल्या आणि उठून दाराबाहेर गेल्या. दार वाजलं. तिने उघडलं. समोर बाई, पाहुणी होऊन उभ्या. लांबून आलेली, दमलेली.

पुस्तकातलं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. एकोणीस वेळा घोटलेलं, आता तर सूरही बिनचूक. ते म्हटलं की पास व्हायला लागणारे दहा गुण कुठे गेले नव्हते.

"हॅव यू ईटन?" ती म्हणाली.

"येस, थँक्यू," बाई म्हणाल्या. "अँड यू?"

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं आणि उलट विचारताही येतं, हे सरांच्या पुस्तकात कुठे नव्हतं. ती गोंधळली. मग आठवलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही. "नो," ती म्हणाली.

बाईंनी वहीत आकडा लिहिला. वीसपैकी बारा. "सहा गुण चिठ्ठीचे कापलेत," त्या म्हणाल्या. उरलेले दोन कशाचे, ते सांगितलं नाही.

*

जिन्यात सर उभे होते. कोट घालायचा की नाही ते न ठरल्यासारखा हातावर घेऊन. प्रमुखपद गेलं होतं. संस्कृतीचं ते जाड पुस्तकही बाई पिशवीत घालून घेऊन गेल्या होत्या. त्यांनी कोट उलटा करून अस्तर तिच्यापुढे धरलं.

"हे टाके तुम्ही घातलेत?"

"हो."

"आणि चिठ्ठी?"

"ती पण मीच."

सर एकदा टाक्यांकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून थँक्यू आलं नाही.

"अशा वेळी इंग्रजीत काय म्हणतात, सर?" तिने विचारलं.

"माहीत नाही," सर म्हणाले.

तिने मान हलवली आणि जिना उतरली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, कारण केलं नव्हतं. मात्र खालच्या पायरीवर थांबून ती एवढं म्हणाली, "काळ्याला काळा दोरा घ्यावा, सर. दुकानात मिळतो."

तीस तारखेला तिने सर्टिफिकेट मॅनेजरपुढे ठेवलं आणि एक तारखेला ती तिसऱ्या मजल्यावर गेली. खुर्चीची एक स्प्रिंग वर आलेली होती आणि टेबलाचा खण अडकत होता, पण बसल्यावर पाय जमिनीला टेकून नुसते ठेवता येत होते. तिने ॲप्रन मैत्रिणीला देऊन टाकला. पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक तेवढं दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात ड्रायव्हर गाडी पुसत होता. तिला येताना पाहून त्याने सवयीने तोंड उघडलं. "या या, हॅव-यू..."

ती थांबली. "तुझा गणवेश दर सोमवारी धुलाईला येतो ना रे? आता वरून तपासून खाली पाठवायचं काम माझ्याकडे आलंय." आणि पर्समधून तिने ते पिवळं पुस्तक काढलं, किती पानं उरलीत ते अंगठ्याने फर्रकन उलटून पाहिलं.

"गुड मॉर्निंग, सुपरवायझर मॅडम," ड्रायव्हर म्हणाला.

"गुड मॉर्निंग. जेवलास का?"

"हो... म्हणजे नाही अजून," तो म्हणाला. ती आत गेली. तिने काचेतून वळून पाहिलं तेव्हा तो एक हात खांद्यावरून मागे टाकून आपली पाठ चाचपत होता.